चौथ्या ताटातल्या मासवड्या

१

सोमवारी डबा अकराऐवजी साडेनऊलाच आला. तो टेबलावर ठेवायच्या आधीच भागिरथीबाई म्हणाली, "सर, आज लवकर जेवून घ्या. दुपारपातूर कोन सांगंल, तुमीबी बंद कराल."

मार्तंडराव निसळ चष्मा पुसू लागले. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. पुस्तकं मागायला येणाऱ्यांशी जेवढं बोलणं होई तेवढंच. समोरचा माणूस एकदम काही बोलला की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जाई.

"काय झालं?"

"इख घातलं म्हनं मी. जमालगोटा."

तिने सांगितलं ते असं. रविवारी सावेडीत श्रीमंतराव धुमाळांच्या बंगल्यावर तिने बेसनात सारण भरलेल्या मासवड्यांचं जेवण केलं होतं. ते नुसतं जेवण नव्हतं, परीक्षा होती. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी बाई नेमायची होती, पगाराबरोबर आवारात राहायला खोली होती. समितीतल्या श्रीमंतरावांनी तिचं नाव सुचवलं, पण अध्यक्ष राधाकृष्णबुवा आढेवेढे घेत होते. 'पालकांना चालेल का, आपला समाज अजून तसा आहे,' असं ते गेल्या बैठकीत म्हणाले होते, आणि दोन प्राध्यापिकांनी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं होतं. तेव्हा श्रीमंतराव म्हणाले, बुवा, एकदा बाईंच्या हातचं जेवा, मग बोला.

बुवा जेवायला आले, आणि त्याच संध्याकाळी श्रीमंतराव, त्यांचा पुण्याचा भाचा अनीश आणि बुवा, तिघांचीही पोटं बिघडली. पोट ढोलासारखं फुगलेलं, आत गुरगुर आणि रात्रभर संडासच्या खेपा. सोमवारी पहाटे काकडआरतीला बुवा कसेबसे आले आणि कुणीतरी विचारल्यावर म्हणाले, "मला वाटतं जमालगोटाच असावा. मी विरोध केला होता ना."

"एकोनीस डबे हुते माझे," भागिरथीबाई म्हणाली. "सकाळधरनं अकरा बंद झाले. गुरवारी चार वाजता बैठक हाय."

"पण मासवड्या तर रविवारी माझ्याही डब्यात होत्या. मी खाल्ल्या. मला काही झालं नाही."

"तुमचं कोन ऐकतंय, सर."

ती ते वाईट हेतूने बोलली नव्हती. खरं होतं म्हणूनच ते मार्तंडरावांना लागलं.

ती गेल्यावर ते बराच वेळ डब्याकडे बघत बसले. रविवारच्या मासवड्या त्यांना नीट आठवत होत्या, कारण सारणात मीठच नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा बाई मीठ विसरली होती आणि त्यांनी उठून बरणीतलं मीठ वरून घेतलं होतं. परीक्षेच्या दिवशी घाई झाली असेल बिचारीची.

त्यांनी जुन्या ग्रंथसूचीची कोरी कार्डं काढली आणि एकेका कार्डावर एकेक नाव लिहिलं. आजारी: श्रीमंतराव, अनीश, बुवा. ठणठणीत: श्रीमंतरावांची बायको शोभाताई, आणि स्वतः मार्तंड निसळ. शेवटच्या कार्डाकडे बघून त्यांना संकोच वाटला. आपण कोण, आणि कसला हा शोध? पण बाकी कोणी शोध घेणार नव्हतं.

२

दुपारी श्रीमंतरावांच्या दिवाणखान्यात अनीश पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून आडवा झाला होता. मार्तंडराव जवळच्या खुर्चीवर बसले, तेवढ्यात त्याने एक ढेकर दिला आणि ओशाळून तोंडावर हात धरला. सडक्या अंड्यासारखा वास खोलीभर पसरला.

"अंडी होती का जेवणात?" मार्तंडरावांनी विचारलं.

"छे हो, शुद्ध शाकाहारी," शोभाताई म्हणाल्या. "मी तर चार-चार मासवड्या हाणल्या. शनिवारी एकादशी झाली होती ना माझी, पोटात कावळे ओरडत होते. मीठ नव्हतं तेवढं सोडलं तर काय झाल्या होत्या. आम्ही तिघांनी मीठ मागून घेतलं. बुवा मात्र काही बोलले नाहीत. सज्जन माणूस."

"बुवा केव्हा आले होते?"

"आले की अर्धा तास आधी. हे दोघं मागच्या खोलीत काय खुडबुड करत होते देव जाणे, आणि मी भाकऱ्यांत. बसले बिचारे एकटेच इथं पेपर वाचत." त्यांनी कोपऱ्यातल्या फ्रीजशेजारची खुर्ची दाखवली. "मग व्हरांड्यात उन्हाला पंगत मांडली. तुम्हाला चहा टाकते. सरबत दिलं असतं, पण अनीशनं केलेलं पेरूचं सरबत रविवारीच संपलं. एवढा मोठा जग, मला घोटभरसुद्धा ठेवलं नाही कोणी."

अनीशने डोळे मिटून घेतले.

श्रीमंतराव आतून आले. साखर कारखान्यात हयातभर केमिस्ट होते ते, आवाज अजून कारखान्याच्या भोंग्यासारखा, पण आज चेहरा उतरलेला. "निसळ सर, मला बाईचं लई वाईट वाटतंय. मीच तिचं नाव पुढं केलं. पण तिघांना एकाच वेळी व्हतंय म्हणजे जेवणच, दुसरं काय?"

"शोभाताईंना झालं नाही. मलाही नाही."

"ते..." श्रीमंतराव थांबले. "ते मीही घोळवून पाहिलं. मला आधी वेगळाच संशय होता. पण बुवांना बघितलं, आणि तो संशय सोडून दिला."

"कसला संशय?"

इतक्यात मागच्या बाजूला 'फाट्' असा आवाज झाला आणि काच सांडल्यासारखं काहीतरी वाजलं. श्रीमंतराव दचकून उभे राहिले.

"उंदीर," ते म्हणाले. "मागच्या खोलीत लई झालेत." आणि खिशातली किल्ली चाचपडत ते लगबगीने गेले.

उंदरांच्या खोलीला एवढं मोठं कुलूप मार्तंडरावांनी आजवर पाहिलं नव्हतं.

३

राधाकृष्णबुवा दिल्ली दरवाजाजवळ राहत. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, आवाज मऊ. मंगळवारी सकाळी ते घोंगडीवर बसून भाताची पेज पीत होते. त्यांना 'तुम्ही खरं बोलताय ना' असं विचारणं मार्तंडरावांना जमेना. त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

"बुवा, तुम्ही... तुम्ही नेमकं काय काय जेवलात?"

"जे सगळ्यांनी तेच. मासवडी, भाकरी, रस्सा."

"चव कशी होती? म्हणजे काही कडवट, तुरट लागलं का?"

"चवीला नाव ठेवणार नाही हो. मीठ अगदी बेताचं, तिखट बेताचं. म्हणूनच कळलं नाही. विषाची गोष्टच अशी, ते चांगल्या चवीत लपतं." बुवांनी पेजेचा वाडगा खाली ठेवला. "माझा बाईवर राग नाही, सर. पण चाळीस पोरींचा प्रश्न आहे."

"आणि दुसरं काही प्यायलात, खाल्लंत? तिथे जायच्या आधी?"

"मी माळकरी माणूस. बाहेरचा चहासुद्धा घेत नाही."

मार्तंडराव उठले. पायऱ्या उतरताना त्यांना वाटलं, आपण उगाच एका आजारी माणसाला छळलं. चितळे रोडपर्यंत ते स्वतःलाच दोष देत चालले. तिथे एका भेळवाल्याने "काका, मीठ वाढवू का?" असं गिऱ्हाइकाला विचारलं, आणि मार्तंडराव रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून येणाऱ्या लुनावाल्याने शिवी दिली, ती त्यांना ऐकूच आली नाही.

मीठ अगदी बेताचं, म्हणे.

४

"ताटं कुणी घासली रविवारी?" संध्याकाळी त्यांनी भागिरथीबाईला विचारलं.

"मीच की."

"चारही सारखी होती?"

ती रिकामा डबा पिशवीत भरत होती, तिचा हात थांबला. "तुमाला कुनी सांगितलं?"

"कोणी नाही. बुवा मला म्हणाले, मीठ बेताचं होतं."

भागिरथीबाई खाली बसली.

"तीन ताटं तेलानं बरबटली हुती," ती म्हणाली. "चौथं कोरडं. वाटीतला रस्सा तसाच. मला वाटलं बुवांनी मासवड्या तेवढ्या खाल्ल्या आसतील. मग खरकटं टाकाया गेले, तर व्हरांड्याच्या कडंला, जास्वंदीच्या बुडाला पाच मासवड्या न् एक भाकर. मुंग्या लागल्या हुत्या."

"मग हे सांगितलं का नाही कुणाला? ते जेवलेच नाहीत तर तुमच्या अन्नानं—"

"मला कळतंय त्ये, सर. अडानी न्हाई मी." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "कसं सांगू? माझ्या हातचं हाय म्हनून टाकून दिलं, आसं सांगू चारचौघांत? मंग म्हनतील, बाईनं जातीचं काढलं. आन् न्हाई म्हनले तरी माझ्या तोंडून त्ये निघंल का? आमच्या आयांनी लई सोसलंय त्यापायी. मी मुंग्यांवर पानी वतलं न् घरी आले."

"मी पाहतो," एवढंच मार्तंडराव म्हणाले, आणि आपण काय पाहणार आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. बुवा जेवले नव्हते हे खरं होतं, पण बुवा आजारी होते हेही तितकंच खरं. नुसत्या हवेने कोणाचं पोट फुगत नाही.

५

बुधवारी सव्वीस जानेवारी. झेंडावंदन करून मार्तंडराव पुन्हा श्रीमंतरावांच्या फाटकाशी आले. कचऱ्याच्या डब्यात तपकिरी काचांचा ढीग होता. एका तुकड्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, पुस्तकाच्या पाठीवर ते स्वतः चिकटवत तशीच, चौकोनी, काळ्या शाईची. चिठ्ठ्या वाचण्यात तर त्यांचं आयुष्य गेलं होतं. 'भरली १४ जाने. उघडावी २३ फेब्रु.'

त्यांनी तो तुकडा रुमालात गुंडाळला आणि बेल वाजवली. शोभाताई देवळात गेल्या होत्या. श्रीमंतरावांनी रुमाल उघडून पाहिला आणि मटकन खुर्चीवर बसले.

"उंदीर चांगलं अक्षर काढतात," मार्तंडराव म्हणाले, आणि आपण असं काही बोलून गेलो याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"सर, शोभाला कळलं तर ती मला घरात ठेवायची न्हाई. आणि परवाना नाही म्हणून एक्साइजवाले वेगळेच." श्रीमंतरावांनी कपाळ पुसलं. "पेरूची दारू आहे. राहात्याचे पेरू, साखर, यीस्ट. कारखान्यात असताना एका जुन्या साहेबानं शिकवलं. सफरचंदाची करतात परदेशात, तशी. कुणाला विकत न्हाई, वर्षाला वीस बाटल्या. नियम कडक आहे माझा. चाळीस दिवस झाल्याबिगर बूच काढायचं न्हाई."

"आणि रविवारी नऊच दिवस झाले होते."

"अनीश सोमवारी निघणार होता. म्हणाला, मामा, चव तरी बघू. मी म्हटलं बघू. दोन मोठ्या बाटल्या. फेस इतका आला की थेट स्टीलच्या जगात ओतल्या आणि गार व्हायला फ्रीजला ठेवल्या. शोभानं विचारलं तर सरबत म्हणायचं, असं ठरलं."

"कोवळी प्यायली तर काय होतं, श्रीमंतराव?"

केमिस्टला आपल्या विषयावर बोलताना क्षणभर हुरूप आला. "यीस्ट मेलेलं नसतं, सर. खाली बसलेलं नसतं. सगळं गढूळ, जिवंत. साखरही उरलेली असते. बाटलीत जे काम अर्धं राहिलं ते तुमच्या पोटात सुरू होतं. गॅस धरतो, पोट फुगतं, गुरगुरतं, ढेकरांना अंड्याचा वास येतो, मग जुलाब. दोन दिवसांनी आपोआप थांबतं. माणूस मरत न्हाई, पण मेलो तर बरं असं वाटतं. बाकीच्या बाटल्या आता एकेक करून फुटतायत, त्याच जोरानं."

"हे सगळं ठाऊक असताना तुम्ही बाईला दोषी धरलंत?"

"बुवांमुळं!" श्रीमंतराव कळवळून म्हणाले. "मी आणि अनीश असतो तर लगेच ओळखलं असतं. पण माळकरी माणूस, त्यानं थेंब घेतला न्हाई, आणि त्यालाही तसंच. मग मी म्हटलं, जेवणच असणार. खरं सांगतो, त्या विचारानं मला सुटल्यागत वाटलं. माझी चूक न्हाई म्हणून."

मार्तंडरावांनी खिशातून एक कार्ड काढलं. "तुम्ही किती प्यायलात?"

"दीड ग्लास, बुवा यायच्या आधीच. अनीशही तेवढीच. उरलेली त्यानं संपवली असणार. तो म्हणतो, मामानं संपवली."

"दोन मोठ्या बाटल्या म्हणजे सहा ग्लासांच्या वर. तुमचे मिळून तीन." मार्तंडरावांनी कोपऱ्याकडे पाहिलं. फ्रीज होता, त्याच्या शेजारी खुर्ची होती, आणि खुर्चीवर घडी घातलेला पेपर. "तीन ग्लास कुणी तिसऱ्यानं घेतले."

श्रीमंतरावांनीही त्या खुर्चीकडे पाहिलं.

६

तरी एक गाठ सुटत नव्हती. बुवांनी सरबत समजून घेतलं असेल, ठीक. पण भुकेला माणूस पानातल्या मासवड्या जास्वंदीखाली का टाकेल? बाईच्या मनात होतं तेच कारण असेल, तर आपण ते उकरून तिला आणखी दुखवणार होतो. बुधवारी संध्याकाळी मार्तंडराव हाच विचार करत स्वयंपाकघरात उभे होते. भिंतीवर दिनदर्शिका होती. बावीस जानेवारी, शनिवार: एकादशी. शोभाताईंनी सांगितलं होतं तसंच.

त्यांची नजर पुढच्या चौकोनावर गेली. तेवीस जानेवारी, रविवार. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: भागवत एकादशी.

वर्षातून एखाद-दोनदा असं होतं. तिथी दोन दिवसांवर पसरते. घरोघरची माणसं पहिल्या दिवशी उपास करून मोकळी होतात आणि वारकरी दुसऱ्या दिवशी करतात. ते कुणाच्या लक्षातही राहत नाही.

गुरुवारी सकाळी बुवा अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मार्तंडराव फाटकाशीच थांबले. आत जायचा धीर होईना, पण परत जायचीही सोय उरली नव्हती.

"बुवा, रविवारी तुमची एकादशी होती."

पाण्याची धार थांबली.

"त्या दिवशी तुम्ही बेसन खाणं शक्य नाही. खाल्लंत तर माळ मोडली. आणि नाही खाल्लंत, तर बाईचं अन्न तुम्हाला बाधलं नाही. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. मासवड्यांत मीठ नव्हतं, बुवा. घास घेतलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे."

बुवांनी तांब्या कट्ट्यावर ठेवला. "सांगितलं असतं, तर कुणी विश्वास ठेवला असता?" ते हळूच म्हणाले. "गेल्या बैठकीत मला काय काय ऐकवलं गेलं. त्यात हे जेवण मुद्दाम बाईच्या हातचं. 'आज माझा उपास आहे' म्हटलं असतं, तर सगळे हसले असते. म्हणाले असते, एकादशी काल झाली, बुवांना विटाळ होतोय. म्हणून गप बसलो. शोभाताई भाकरीला आत गेल्या, ते दोघं कशावर तरी खिदळत होते..."

"आणि सरबत?"

"पेरू उपासाला चालतो. तहान लागली होती, घरचा फ्रीज, जग समोर. गोड होतं हो. दारू कडू असते म्हणतात."

"जुनी झाली की कडू. कोवळी गोडच असते, साखर संपलेली नसते," मार्तंडराव म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "पहिला ग्लास तहानेचा. दुसरा चवीचा. तिसरा, बुवा?"

तुळशीच्या पानांवरून पाणी टपकत होतं.

"दुसऱ्यानंतर कळलं," बुवा म्हणाले. "कान गरम झाले होते. चाळीस वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. तिसरा कळूनच घेतला."

मार्तंडरावांना एकाएकी त्या माणसाची दया आली, आणि दया आल्याबद्दल स्वतःचा थोडा रागही आला. "तो तिसरा ग्लास तुमचा आणि पांडुरंगाचा. मी कुठं बोलणार नाही. पण बाईचे अकरा डबे बंद झालेत, आणि चार वाजता बैठक आहे."

७

बैठकीला सात माणसं होती. मार्तंडराव दाराजवळच्या स्टुलावर बसले. बोलायची वेळ आली तर काय बोलायचं ते त्यांनी कार्डावर लिहून आणलं होतं, आणि घामाने शाई फुटली होती.

बुवा उभे राहिले. "रविवारी माझी भागवत एकादशी होती. मी बाईंच्या हातचा एक घासही खाल्ला नाही. ताटातलं झाडाखाली टाकलं आणि जेवलो असं खोटं सांगितलं. जमालगोट्याचं बोललो ते पाप माझं आहे. देवळातही उद्या हेच सांगेन."

कुणी विचारलं, मग पोट कशानं बिघडलं? श्रीमंतराव खाकरले. "माझ्या घरच्या पेरूच्या रसानं. तो आंबला होता. चूक माझी."

दारात भागिरथीबाई उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने पिशवीतून डबा काढला, एक ताट काढलं, बुवांसमोरच्या टेबलावर ठेवलं आणि पाच मासवड्या वाढल्या.

"आज उपास हाय का, बुवा?"

"नाही."

"मंग जेवा."

बुवांनी पहिला घास घेतला. दुसरा घास घेतला.

"मीठ कसं झालंय?" भागिरथीबाईने विचारलं.

बुवांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराजवळच्या मार्तंडरावांकडे.

"मीठ नाही यात," ते म्हणाले.

"व्हय," भागिरथीबाई म्हणाली. "आज मुद्दामच घातलं न्हाई." आणि पदराआडून मिठाची वाटी काढून तिने ती ताटाशेजारी ठेवली.